लग्न ठरलेल्या मुलीची खोली

पुण्यात आमच्या लॅबमध्ये दुपारच्या चहाला तरुण मंडळी जमली, की एकट्या माणसाला राहायला कुठलं शहर बरं, यावर वाद रंगतात. बंगळूरचं भाडं, मुंबईची दगदग, हैदराबादचं जेवण असं करत करत गाडी एकदा नागपूरवर आली. "मॅडम, तुम्ही तिकडच्याच ना? सिंगल माणसाला कसं आहे हो नागपूर?" एकीनं विचारलं. मी "ऊन फार" एवढंच म्हणाले, कप धुऊन ठेवला आणि आत निघून गेले. खरं सांगायला बसले असते तर रडूच आलं असतं, आणि कामाच्या ठिकाणी रडणाऱ्या बायकांचा मला मनापासून राग येतो.

मी उमरेडची. पहिली नोकरी लागली ती नागपुरात, धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजीत. सुरुवातीला कोराडीला मामांकडे राहिले. मामा वीज केंद्रात होते आणि कॉलनीतलं त्यांचं क्वार्टर ऐसपैस होतं, पण माझी पाळी भल्या पहाटेची. कोळशाच्या ट्रकांमागून रखडत येणाऱ्या बसनं मी रोज उशिरा पोचायची आणि रोज बोलणी खायची. शेवटी शहरातच खोली घ्यायचं ठरलं.

खोल्या रिकाम्या होत्या, भरपूर होत्या. मला मात्र एकही मिळेना. "फॅमिली आहे का?" हा पहिला प्रश्न, आणि "एकटीच?" हा दुसरा. मग आडनाव, गाव, घरात अंडी शिजतात का, पाहुणे कोण कोण येतील. सगळी उलटतपासणी झाल्यावर "बरं, कळवतो." एका गृहस्थांनी तर समजावून सांगितलं, की मुलींची जबाबदारी असते, म्हणून आम्ही मुलांनाच देतो. त्याच गल्लीत चार घरं पुढे माझ्या लॅबमधल्या एका मुलाला, मुलं धिंगाणा घालतात म्हणून आम्ही फक्त मुलींना देतो, असं ऐकवलं होतं. त्या दोन घरमालकांची एकदा गाठ घालून द्यावी, असं मला फार वाटायचं.

मग मामा म्हणाले, "तू एकटी काहून फिरून राहिली? मी येतो." मुलगी बघायला जाताना मोठं माणूस सोबत नेतात, तसं नागपुरात खोली बघायला जातानाही न्यावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. नंदनवन वस्तीतल्या एका घरी आम्ही गेलो. खाली घरमालक काका-काकू राहत, वर गच्चीला लागून एक खोली होती. पुढे गॅलरी, कूलर ठेवायला लोखंडी स्टँड, गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या. मला ती खोली बघताक्षणी आवडली. काकूंनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि मामांना विचारलं, "एकटीच राहीन?"

आणि मामा, ज्यांनी जन्मात कधी पत्त्यातसुद्धा लबाडी केली नव्हती, ते शांतपणे म्हणाले, "दिवाळीपर्यंतच हो वहिनी. पोरीचं ठरलं हाय. भिलाईचा पोरगा हाय, इंजिनेर."

काकूंचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी लगेच आतून गूळ-पाणी आणलं. खोली मिळाली. परत येताना मी मामांवर चिडले, तर म्हणाले, "अवं, नागपुरात सगळ्याच पोरी असं सांगतात. दिवाळी आली की पुढची तारीख सांगू."

खरंच, नंतर चौकशी केली तर आमच्या लॅबमधल्या निम्म्या मुलींची लग्नं अशीच ठरलेली निघाली. कुणाचा नवरा रायपूरला, कुणाचा इंदूरला. फार जवळचा नको, नाहीतर लोक बघायला जातात.

त्या दिवसापासून मी काकूंची भाडेकरू उरले नाही, मी त्यांच्या घरातली नवरी झाले. रविवारी खालून काकूंची हाक यायची, "आली का वं? ये, गोळाभात शिकवतो." डाळीचे गोळे भातात कधी घालायचे, वरून ओतायचं तेल किती कडकडीत हवं, पाटोडीचा रस्सा कसा झणझणीत झाला पाहिजे, सगळं त्यांनी मला हात धरून शिकवलं. "भिलाईवाल्याले आवडन का?" हा प्रश्न प्रत्येक पदार्थाच्या शेवटी असायचाच. मी आईशी फोनवर बोलायला गॅलरीत गेले, की काकू खालचा टीव्ही बारीक करायच्या. भिलाईवाल्याचा फोन असेल, मोकळेपणी बोलू दे पोरीला. उन्हाळ्यात पेपर वाचताना काका ओरडून सांगायचे, "भिलाईले पारा चढला गा! टोपी घालून जाय म्हणा त्याले." मला हसू यायचं, आणि हळूहळू वाईटही वाटायला लागलं. कारण मला ते सगळं आवडत होतं. पहाटे निघताना गल्लीच्या तोंडावरचा पोहेवाला मला न विचारता पोह्यांवर तर्रीचा तिखट रस्सा कमी घालायचा. शेजारच्या बायका कुंपणावरून सांबारवडी, म्हणजे आपली कोथिंबीरवडी, द्यायच्या. मला ताप आला तेव्हा काकूंनी मला वर राहूच दिलं नाही, खाली आणून झोपवलं. जिथे मी एकटीनं राहायला आले होते, तिथे कुणी मला एकटं पडू देत नव्हतं. आणि हे सगळं एका न जन्मलेल्या इंजिनियरच्या पुण्याईवर चाललं होतं.

दिवाळी गेली. मामांनी पत्रिकेतली काहीतरी अडचण सांगितली. पुढे मुलाच्या आजीचं आजारपण निघालं. एक खोटं पचलं की दुसरं आपसूक सुचतं, तसं त्यांचं झालं होतं. पण काकूंना धीर धरवेना. वैशाख लागला तशा त्या म्हणाल्या, "तारीख निघन तवा निघन. मी केळवण करून टाकतो." लग्न ठरलेल्या मुलीला घरी बोलावून गोडधोड जेवू घालायचं, तिची ओटी भरायची, ही आपल्याकडची रीत. तिला नाही कसं म्हणणार? मी नाना सबबी सांगितल्या, एकही चालली नाही. कोराडीहून मामा-मामींनाही काकूंनी फोन करून बोलावलं.

गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका आल्या होत्या. कूलरमध्ये वाळ्याचे नवे पडदे घातले होते, दारापुढे रांगोळी होती. मला पाटावर बसवलं, काकूंनी कुंकू लावलं, ओटी भरली. मग समोरच्या घरातली एक सून टाळी वाजवून म्हणाली, "आता नाव घे वं! उखाण्यात घे!"

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्याला नावच नाही. इतके महिने आम्ही त्याचं शिक्षण ठरवलं होतं, पगार ठरवला होता, त्याच्या आजीला आजारी पाडलं होतं. बिचाऱ्याचं बारसं तेवढं करायचं राहून गेलं. काकूंनी कधी विचारलं नव्हतं, कारण त्यांच्या जिभेवर तो "भिलाईवाला"च होता. गल्लीतल्या निम्म्या पुरुषांना त्या अशाच त्यांच्या गावावरून ओळखत.

"लाजली पाहा!" बायका हसायला लागल्या. मी मामांकडे पाहिलं. मामांनी मला सोडवायला घाईघाईनं एक नाव सांगितलं. नेमक्या त्याच क्षणी मामींनीही मला सोडवायला एक नाव सांगितलं. ते दुसरंच होतं.

कूलरचा आवाज किती मोठा असतो, ते मला त्या दुपारी कळलं.

मी पाटावरून उठले आणि म्हणाले, "काकू, कुणी नाही. भिलाईत माझं कुणीच नाही. लग्न ठरलेलं नाही, आणि सध्या मला करायचंही नाही. खोली मिळावी म्हणून सांगितलं होतं."

मला वाटलं, त्या चिडतील. चिडल्या असत्या तर फार बरं झालं असतं. भांडता आलं असतं, पाया पडता आलं असतं. त्या हातातल्या कुंकवाच्या करंड्याचं झाकण लावत बायकांना म्हणाल्या, "बसा वं सगळ्या. जेवण थंड होऊन राहिलं." सगळ्याजणी मुकाट जेवल्या. मलाही त्यांनी वाढलं, आग्रह करून वाढलं. मामा खाली मान घालून भात चिवडत बसले होते.

सगळे गेल्यावर मी भांडी उचलायला लागले. काकूंनी माझ्या हातातलं ताट घेतलं. आवाज न चढवता, खरोखर कोड्यात पडल्यासारख्या त्या म्हणाल्या, "राग नाही आला मले. पण आता तुले कोण म्हणून बोलवू, सांग बरं? पोर म्हणू तर पोर नाही राहिली तू. सवाष्ण नाही. नवरीबी नाही." मी उरलेली भांडी मोरीत नेऊन ठेवली आणि वर गेले.

त्यांनी मला घालवलं नाही, हे मुद्दाम सांगते. काका म्हणाले, "राहू दे पोरीले, कोणाचं काय खाऊन राहिली ती." कुणी टोमणा मारला नाही, कुणी वाईट नजरेनं पाहिलं नाही. फक्त खालून हाक येईनाशी झाली. जिन्यात भेट झाली की काकू विचारायच्या, "पाणी आलं का वर?" मी म्हणायची, "आलं." भाडेकरू आणि घरमालकीण जेवढं बोलतात तेवढं आम्ही बोलत होतो.

भाद्रपदात त्यांच्याकडे महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसल्या. आमच्याकडे महालक्ष्मीच्या जेवणाला गल्लीच्या गल्ली लोटते. सवाष्णींची पंगत, कुमारिकांची पंगत, मग पुरुष, पोरंसोरं. मी सकाळीच न्हाऊन साडी नेसून बसले होते. वर आंबिलीचा आणि पुरणाचा वास येत होता. कुठल्याही पंगतीत बसले असते मी, मोरीपाशी पान मांडलं असतं तरी बसले असते. वाटायचं, आता हाक येईल. मग वाटायचं, आपणच खाली जावं, आपल्याच माणसांकडे जायला आमंत्रण कशाला लागतं? पण आपली माणसं म्हणजे नेमकी कोण, हेच तर त्या वैशाखात नाहीसं झालं होतं. मी गेले नाही. त्यांनीही बोलावलं नाही. संध्याकाळी साडीची घडी करताना मी ठरवलं, की पुण्यातल्या एका लॅबमधून नोकरीचं बोलावणं आलंय, ते घ्यायचं.

निघताना काकू फाटकापर्यंत आल्या. "जातो म्हणू नये, येतो म्हण," एवढंच बोलल्या.

पुण्यात मला पहिल्याच दिवशी घर मिळालं. एकटी आहात का, असं कुणी विचारलं नाही. तिथे माझ्या मजल्यावर कोण राहतं, तेही मला पुष्कळ दिवस माहीत नव्हतं. ताप आला तेव्हा औषध दारात येऊन पडलं, आणणारा बेल वाजवून निघून गेला. मी तक्रार करत नाही. मला हवं होतं तसं जगता आलं, लग्न नाही केलं, त्याचा पस्तावा नाही. पस्तावा आहे तो नागपूरचा. मी जशी आहे तशी त्या गल्लीत राहून बघायला हवं होतं. दोन-चार वर्षं तिथेच चिवटपणे बसून राहिले असते, तर कदाचित माझ्यासारखीसाठीही त्या लोकांना एखादा शब्द सापडला असता. मला घाई झाली, आणि त्यांना सवय नव्हती.

गेल्या हिवाळ्यात मामेबहिणीच्या लग्नाला कोराडीला गेले होते. परत निघायच्या दिवशी रिक्षा करून नंदनवनला गेले. काका वारले होते, ते मला माहीत नव्हतं. मुलं हैदराबादला. काकू दारात उभ्या राहून मला ओळखेपर्यंत थोडा वेळ गेला. मग त्यांनी मला हाताला धरून आत नेलं. चहा केला. गल्लीतल्या कुणाचं काय झालं ते सांगितलं. समोरच्या घरी कालच केळवण होतं, हेही सांगितलं. "तुम्ही गेला नाहीत?" मी विचारलं.

"मले कोण बोलावते आता?" त्या साधेपणानं म्हणाल्या. "ओटी भरणं होते तिथं. माह्यासारखीनं दारापुढून जाऊबी नये." मग बशी पुसता पुसता म्हणाल्या, "वरची खोली रिकामीच हाय. येऊन राह्य. लग्नाचं मी काही इचारत नाही."

हेच त्यांनी त्या भाद्रपदात जिन्यातून हाक मारून सांगितलं असतं, तर मी पुण्याचं तोंडही पाहिलं नसतं. मी त्यांचा हात हातात घेतला आणि सांगितलं, की पुण्यात आता घर घेतलंय, नोकरीही तिथलीच आहे, नाही जमणार.

"हो वं," काकू म्हणाल्या, "आता कसं जमन." आणि टाकीत पाणी चढवायला त्या मोटर सुरू करायला उठल्या.