चोणकांचा सोमवार

फोन आला तेव्हा मी डिचोलीच्या एका सभागृहात मत्स्यपालकांसमोर उभा होतो. माशांच्या भुकटीऐवजी सोयाबीनची पेंड घाला, मासे तोंड लावत नसतील तर त्यावर सुक्या जवळ्याचं पाणी शिंपडा, असं मी नेहमीच्या ऐटीत सांगत होतो. फोनवर मामेबहिणीचं, सुनीताचं नाव दिसलं. मी तो बंद करून खिशात टाकला, वाक्य पुरं केलं, टाळ्याही घेतल्या. मग बाहेर येऊन तिला फोन लावला. "दादा, बाबा गेले रे... सकाळी चाय घेतली आणि गेले," ती म्हणाली. मी पायरीवर बसलो. आत ज्या युक्तीसाठी लोक टाळ्या वाजवत होते, ती गुणाजीमामांची होती. हे मी त्यांच्या हयातीत कुणालाही सांगितलं नव्हतं.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. हळर्णला नदीकाठी त्यांचं भाताचं शेत होतं. त्याच्या एका कोपऱ्यात त्यांनी तळं खणून चोणक सोडले होते. चोणक हा खादाड मासा, दुसऱ्या माशांवर जगणारा. मामांकडे करवंटीची एक दवली, म्हणजे खाद्य घालायचा डाव, होती. बांधावरच्या चिऱ्यावर ती तीनदा ठोकली की सगळं तळं त्यांच्या पायाशी गोळा व्हायचं. आम्ही पोरं लहानपणी ठोकून बघायचो, तेव्हा मात्र मामा ओरडायचे. एरवी त्यांचा आवाज चढलेला मला आठवत नाही.

मी शिकलो आणि खाद्य बनवणाऱ्या एका कंपनीत लागलो. समुद्रातली तारली पकडायची, सुकवायची, दळायची आणि तळ्यातल्या माशांना घालायची, हे फार दिवस परवडणारं नाही, हे मला तेव्हाही पटत होतं, आजही पटतं. आमचं सोयाबीनचं खाद्य चोणकावर करून बघायचं ठरलं तेव्हा मी हक्काने मामांचं तळं मागितलं. त्यांनी खाद्य हातात घेऊन हुंगलं आणि हसले. "सोमवार आमका. चोणकांका कित्याक?" सोमवारी आमच्याकडे कुणी मासे खात नाही, तेव्हा चोणकांनाही शिवराक जेवण का, असा त्यांचा सवाल. मी तो विनोद ऑफिसात सांगून भाव खाल्ला. त्यातली काळजी काही मला ऐकू आली नाही.

दवली ठोकली की मासे यायचे, दाणा तोंडात घ्यायचे आणि थुंकायचे. मामांनी दोनदा फोन केला, "येवन बघ रे एकदा." मी म्हटलं, होईल सवय. मी गेलो नाही. मग मामांनीच डोकं चालवलं. मामी किसमुरीसाठी गालमो, म्हणजे सुका जवळा, धूत होती. ते पाणी त्यांनी खाद्यावर शिंपडलं आणि मासे तुटून पडले. पुढे पावसाळ्यासाठी साठवलेला पुरुमेंताचा सगळा गालमो त्यांनी तळ्याकाठी नेला आणि मामीच्या शिव्या खाल्ल्या. मी साहेबांना घेऊन गेलो त्या दिवशी त्यांनी मोठ्या हौसेने हे सगळं करून दाखवलं. साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या; चाचणी नुसत्या सोयाबीनची होती. मी घाबरलो आणि सगळ्यांसमोर मामांवर ओरडलो, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं मध्ये हात घालायला?" मामा दवली हातात घेऊन उभे होते. "उपाशी रवले रे ते..." एवढंच म्हणाले. अहवालात मी लिहिलं, 'मत्स्यपालकाच्या निष्काळजीपणामुळे चाचणी बाद.' निष्काळजी! हा शब्द मी त्या माणसासाठी वापरला.

वर्षभराने तीच जवळ्याची गोष्ट मी ऑफिसात माझं निरीक्षण म्हणून मांडली. ती चालली, माझं नाव झालं. म्हापशाला त्यावर माझं पहिलं भाषण होतं, शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी. बाजाराला आलेले मामा हातात पिशवी घेऊन मागच्या खुर्चीवर येऊन बसले. मी त्यांना पाहिलं आणि तरीही म्हणालो, "हे माझ्या लक्षात आलं." मामांनी टाळ्या वाजवल्या. नंतर जवळ येऊन हळूच म्हणाले, "बरां बोललंस. पाणी मात्शें कोमट घे, वास बेगीन सुटता." मला वाटलं, जमीन फाटून पोटात घेईल तर बरं. पण लाज किती टिकते बघा... पुढच्या सभेत मी कोमट पाण्याचंही सांगितलं, माझंच म्हणून.

माफी मागायची राहिली. चतुर्थीला मागू, शिगम्याला मागू, असं करत राहिली. मामांना तिची गरज नसावी, असं मी स्वतःला समजावत असे. गरज मला होती. आता इथे छापून सांगतो की ती युक्ती हळर्णच्या गुणाजीमामांची, कोमट पाणीही त्यांचंच, आणि निष्काळजी मी. पण हे वाचून हसायला ते नाहीत.

परवा मामीला भेटायला गेलो. दवली बांधावरच्या खोपीत खुंटीला होती, मूठ हाताच्या घामाने काळी पडलेली. काय वाटलं कुणास ठाऊक, मी ती घेतली आणि चिऱ्यावर तीनदा ठोकली. पाणी हललं. ते सगळे आले, तोंडं वर करून, माझ्या पायाशी. मामी मागून आली, तिने माझ्या हातांकडे पाहिलं.

"आरे, हातात कायच नाय तर ठोकलंस कित्याक?" ती म्हणाली. "ह्येनी त्येंका कधी खोटी हाक मारली नाय."