अर्धा उखाणा

हार्बरफ्रंटच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघताना डिझेलचा वास आला, की मला सिंगापूर नदीतली ती बोट आठवते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या लग्नाचा पाचवा वाढदिवस होता. पुलांखालून जुनं शहर दाखवणारी बोट मी घासाघीस करून निम्म्या भावात ठरवली होती. सोबत माझ्या जहाजावरचे दोन इंजिनिअर आणि त्यांच्या बायका. माझी बायको मालती नवी अंजिरी साडी नेसली होती.

"वहिनी, नाव घ्या! त्याशिवाय केक मिळणार नाही," कुणीतरी ओरडलं.

मालती लाजत, पदर सावरत उभी राहिली. "भाजीवाल्याशी घासाघीस, बोटवाल्याशी भांडण..."

सगळे खो खो हसले आणि माझं डोकं फिरलं. शून्यातून वर आलेल्या माणसाची ही थट्टा?

"बस खाली! पुरे झाला तमाशा," मी सगळ्यांदेखत ओरडलो.

ती बसली. बोट धक्क्याला लागेपर्यंत पाण्यात हलणाऱ्या दिव्यांकडे बघत राहिली. केक कुणी कापलाच नाही.

त्या हसणाऱ्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. पण उखाण्याच्या दुसऱ्या ओळीत नवऱ्याचं नाव येतं, कौतुक येतं, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. मी तेवढाही थांबलो नाही.

लग्नाच्या दर वाढदिवसाला मी विचारतो, "पुढचं काय होतं गं?"

"ते बोटीतच राहिलं," ती चहा गाळत म्हणते.

भल्याभल्यांना मी भाव उतरवायला लावले. तिच्याकडून ती एक ओळ मात्र मला आजवर मिळवता आलेली नाही.