कोणाचा फोन होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माहेरी नाही, शेजारी नाही, देवापुढेही नाही — देवापुढे बसले की मी स्तोत्र भरभर म्हणून उठते, मध्ये जागाच ठेवत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं. तरी सुरुवात कुठून करू? गाडीपासून करते. गाडीबद्दल मला केव्हाही बोलता येतं.

लाल होती. परदेशी बनावटीची, बुटकी, दोन दारांची आणि दोनच माणसांची. छत मागे दुमडायचं. मारेगावकडच्या एका कापसाच्या जिनिंगच्या मालकाने तरुणपणी हौसेने घेतलेली. पुढे जिनिंग बंद पडलं आणि गाडी सरकीच्या गोदामात धूळ खात राहिली. आमचे हे यवतमाळच्या कोर्टात वकिली करायचे. त्या मालकाच्या कुठल्याशा दाव्यासाठी तिकडे गेले आणि गाडी पाहून आले. त्या दिवशी जेवताना त्यांचं ताटात लक्ष नव्हतं. महिन्याभरात गाडी ट्रकवर चढून आमच्या अंगणात उतरली. सीटमध्ये उंदरांची घरटी, वायरी कुरतडलेल्या, आणि हात घालाल तिथे कापूस. पुढे कितीतरी वर्षं गाडी वेगात निघाली की कुठल्यातरी फटीतून कापसाचा पुंजका उडायचा. ह्यांना त्याची गंमत वाटायची. मला कधी वाटली नाही.

आम्हाला मूल नाही. हे सांगून मी काही सुचवत नाही — पण रविवार मोकळे असायचे, एवढं खरं. हे बनियनवर अंगणात बसून चाकांच्या तारा जुन्या टूथब्रशने घासायचे. इंजिनाला दोन कार्बोरेटर होते. दोघांचा श्वास सारखा चालतो का, ते रबरी नळी कानाला लावून ऐकत बसायचे. माझं बोलणं त्यांनी कधी इतकं मन लावून ऐकलं असेल का? आमच्या उन्हाळ्यात गाडी तापायची, म्हणून जीपचा मोठा रेडिएटर बसवला. मग डायनामो गेला, अल्टरनेटर आला. मग दोन सुरांचा नवा हॉर्न. एक काम संपलं की दुसरं निघायचंच. आणि मी — खरं सांगते — मी त्या गाडीत बसायला आवडीने जायची. डोक्याला रुमाल बांधून. ती माझीच सीट होती.

आता किसनबद्दल सांगायला हवं. किसन राठोड, पुसदकडच्या तांड्यावरचा, आर्णी रोडवर त्याचं गॅरेज. ह्यांच्याशिवाय त्या गाडीला हात लावू शकणारा एकटाच. हाताला चांगला, तोंडाला सैल. ‘संध्याकाळी देतो’ म्हणजे पुढच्या आठवड्यात. एकदा काम रखडलं तेव्हा आजी वारली म्हणून सांगितलं, आणि पुढच्या वर्षी तीच आजी पुन्हा वारली. आम्ही सगळे हसलो होतो. किसन थापा मारतो हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा, माझ्या ते फार उपयोगी पडलं.

ती वर्षं कशी होती, ते वेगळं सांगायला नको. कापसाला भाव नाही, आणि रोजच्या पेपरात एखाद्या ओळखीच्या गावाचं नाव. कुणाच्या घरी काय झालं ते चहा पिताना वाचायचं आणि पान उलटायचं. आम्ही नोकरी-वकिलीची माणसं. आमच्या घरात त्यातलं काही आलं नाही. एका दुपारी आम्ही वणीकडून परत येत होतो. छत उघडं, हे खुशीत. एका वळणापलीकडे रस्त्याने माणसं चालली होती — पुढे खांद्यावर तिरडी. ह्यांनी ब्रेक दाबला. जुना ब्रेक, पायाखाली नुसताच दबत गेला. ह्यांनी घाबरून हॉर्न वाजवला. तो दोन सुरांचा, लग्नाच्या वरातीत शोभेल असा हॉर्न. मागची माणसं बाजूला सरली, आम्ही त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबलो. कुणी शिवी दिली नाही. त्यांनी नुसतं वळून पाहिलं — गाडीकडे, मग माझ्या रुमालाकडे.

घरी आल्यावर मी म्हटलं, ही गाडी विका. हे म्हणाले, ब्रेक बदलतो. मी म्हटलं, मी ब्रेकचं बोलत नाहीये. ते म्हणाले, मग कशाचं बोलतेस? मी काय कुणाचं चोरलंय? आणि तिथून आमचा अबोला सुरू झाला.

आमच्या घरचा अबोला रीतसर असायचा. चहा झाला की मी भिंतीला सांगायची, ‘चहा झालाय.’ ते तुळशीला सांगून कोर्टात जायचे. जो आधी सरळ बोलेल तो हरला. एरवी दोन-चार दिवसांत कुणालातरी हसू यायचं आणि मिटायचं. ह्या खेपेला मिटलं नाही, कारण ह्या खेपेला माझंच बरोबर होतं. आजही मला वाटतं, माझंच बरोबर होतं. तुम्ही कधी अगदी शंभर टक्के बरोबर असल्याचा अनुभव घेतलाय का? फार वाईट असतो तो. माणूस त्यात काहीही करू शकतो.

ह्यांनी हट्टाने किसनकडून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवून घेतले. शनिवारी संध्याकाळी गाडी घरी आली. रविवारी सकाळी हे अंगणात फडक्याने बॉनेट पुसत होते आणि हॉलमधला फोन वाजला. मोबाइल तेव्हा आमच्याकडे नव्हता. मी उचलला.

“वहिनी, किसन बोलून राह्यलो. सायबाले सांगा, आज गाडी काढू नका. नागपूरहून आनलेला ब्रेकचा पाइप इथंच पडून हाय माह्यापाशी, मंग गाडीले लावला तो दुसराच. आखूड हाय तो. वळनावर चाक फिरलं की तानन अन् तुटन. मंग ब्रेकच नाही राह्यनार. मी दुपारून येतो बदलाले. सांगजा बरं, इसरू नका.”

मी ‘हो’ म्हटलं. एवढंच. आणि फोन ठेवला.

इथपर्यंत मी मनात कितीदा तरी आले आहे आणि इथूनच दर वेळी दुसरीकडे वळले आहे. स्वतःशीसुद्धा मी इतकंच कबूल करत आले — अबोला होता, म्हणून सांगायचं राहिलं. पण भिंतीला सांगता आलं असतं, नाही का? तुळशीला सांगता आलं असतं. आणि खरी गोष्ट तर त्याहून वाईट आहे. अबोला त्याच मिनिटाला मोडला होता. ह्यांनीच मोडला.

फडकं खांद्यावर टाकून ते खिडकीशी आले आणि सरळ माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, “कोणाचा फोन होता?”

साधा प्रश्न. इतक्या दिवसांनी पहिला. चेहरा थोडा हसराही होता, हरलो बुवा म्हणणारा. मी जिंकले होते. माझ्या मनात काय आलं ते जसंच्या तसं सांगते. मला वाटलं, आता सांगितलं की हे माझ्याशी बोलायचं सोडून जॅक काढतील, गाडीखाली शिरतील, किसनची वाट बघतील — म्हणजे आजचा दिवसही गाडीचाच. आणि दुसरं आलं, की पडू दे बंद रस्त्यात. भर उन्हात ढकलू देत चार लोकांसमोर. बघू देत लोकांना. किसनने ‘बंद पडेल’ म्हटलं नव्हतं. ‘ब्रेकच राहणार नाही’ म्हटलं होतं. मला ते चांगलं समजलं होतं.

“राँग नंबर,” मी म्हटलं.

मग ताई आल्या. ह्यांची थोरली बहीण, दोन गल्ल्या सोडून एकट्या राहायच्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. ह्यांना त्यांनीच वाढवलेलं. त्यांना कळंबला चिंतामणीला जायचं होतं. गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरताना भावाचा हात लागायचा त्यांना. लोक हळहळायला आले तेव्हा मी सांगत होते, ताई बरोबर जाणार हे मला माहीत नव्हतं हो. माहीत होतं. नैवेद्याचे मोदक मीच पहाटे केले होते, डबा मीच त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी पदर कानामागे खोचला आणि हळूच म्हणाल्या, “तुझी जागा घेतेय गं आज. परत आले की तुम्हा दोघांकडे बघते.” दोन माणसांची गाडी. मी फाटक उघडून दिलं. गाडी कोपऱ्यावर वळली, ब्रेकचा दिवा लागला, विझला. तेव्हा मी हाक मारू शकले असते. ऐकू गेली असती.

कळंबच्या रस्त्यावर एक लांब उतार आहे, खाली वळण. ताई जागच्या जागी गेल्या. ह्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कायमचा गेल्यातच जमा झाला. डबा मला परत मिळाला, झाकण चेपलेलं. मी तो घासून फळीवर ठेवला.

किसन दवाखान्यात आला तो रडतच. कुणी विचारण्याआधी त्याने सगळ्यांदेखत सांगितलं, चुकीचा पाइप आपल्याच हातून लागला. लपवलं नाही. मग म्हणाला, “पन मी फोन केलता. वहिनीनं उचललता. गाडी काढू नका म्हनून सांगतलं मी.”

खोलीत नातेवाईक होते, ह्यांचे वकील मित्र होते. सगळे माझ्याकडे वळले. मला विचार करायला वेळ लागला असेल, असं तुम्हाला वाटतं का? नाही लागला.

“कुणाचाही फोन आला नव्हता,” मी म्हटलं.

कुणीतरी किसनला त्याच्या दोनदा मेलेल्या आजीची आठवण करून दिली. एकाने त्याची कॉलर धरली. तो माझ्याकडे बघतच राहिला, रागाने नव्हे — जणू मी आता आठवून सांगेन. त्याला बाहेर काढलं. मी कॉटकडे पाहिलं. हे जागे होते. त्यांनी सकाळी घंटी ऐकली होती, मला विचारलंही होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

पुढे ह्यांनी किसनविरुद्ध तक्रार करायला नकार दिला. लोक म्हणाले, वकीलसाहेबांचं मन किती मोठं. मला खरं कारण माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. तक्रार नसली तरी गावात त्याच्याकडे कोण गाडी देणार? वर्षाच्या आत त्याने पाने-जॅक विकले आणि तांड्यावर निघून गेला. चेपलेली गाडी आमच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिली. हे काठी घेऊन व्हरांड्यात बसायचे. वारा सुटला की ताडपत्रीखालून अजून कापूस यायचा. अंगण झाडताना तो मी उचलायची.

हे जन्मभर लोकांच्या उलटतपासण्या घेत आले. साक्षीदार कुठे खोटं बोलतोय, ते त्यांना त्याच्या श्वासावरून कळायचं. मला त्यांनी तो एक प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. चहा, औषधं, वीजबिल, सगळं बोलायचे, सरळ तोंडावर बोलायचे. अबोला आमच्यात परत कधी झाला नाही. शेवटच्या दिवसांत मी उशाशी बसून वाट पाहायची, आता विचारतील. विचारलं असतं तर सांगितलं असतं का मी? ते न विचारताच गेले.

आता राहिलं एकच. गेल्या वर्षी मी एका लग्नाला पुसदला गेले होते. परत निघताना बसस्टँडवर एक पिकल्या केसांचा माणूस समोर येऊन उभा राहिला, वाकून नमस्कार केला. किसन. गाडीचं काम सोडलं म्हणाला, वावर पाहतो. ह्यांच्याबद्दल ऐकून हळहळला.

“वहिनी, एक सांगू का? रागावू नका. त्या दिवशी फोन म्या लावलता, हे खरं. आवाज तुमच्यासारखाच वाटलता. पन तुम्ही कायले खोटं बोलसान? लय वर्सं इचार केला मी. नंबरच चुकला असन माह्या हातून. दुसऱ्याच कोन्या बाईनं ‘हो’ म्हनलं असन. पाइप बी माह्याच हातून चुकला, नंबर बी माह्याच हातून. ताईची माफी मागतो मी रोज देवापाशी.”

माझी बस लागली होती. लोक चढत होते. तो माझी पिशवी वर चढवून द्यायला हात पुढे करून उभा होता, उत्तराची वाट पाहत.

“असेल,” मी म्हटलं. पिशवी त्याच्याकडे दिली. त्याने ती वर ठेवून दिली.

नंबर बरोबर लागला होता. फोन मी उचलला होता, आणि किसनचा शब्द न् शब्द मला नीट ऐकू आला होता.