अण्णांचा गोड सोडा

चामराजपेटेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत अण्णांचा सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, गॅसचं एक नळकांडं, हाताने फिरवायचं यंत्र आणि गोळीच्या बाटल्या. थोरल्या भावाला आमच्याकडे कन्नड वळणाने अण्णाच म्हणतात. ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. लग्नानंतर वर्षभरातच माझा नवरा गेला, तेव्हा मी त्यांच्याकडे परत आले आणि जवळच्या शाळेत शिकवू लागले.

अण्णांना लहानपणापासून दमा. गार, ओलसर सकाळी त्यांच्या छातीची घरघर स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायची. पण चाळिशीनंतर तो जास्तच बळावला, आणि त्याबरोबर त्यांचं अंगही सुटत गेलं. साखरेचा पाक घातलेला लाल सोडा ते पाण्यासारखा प्यायचे. त्यांचं म्हणणं, सोड्याने ढेकर येतो आणि ढेकर आला की छाती मोकळी होते. ते अगदीच खोटं नव्हतं. ढेकर आल्यावर त्यांचा चेहरा सैल पडायचा, हे मी पाहिलं आहे. अर्ध्या तासाने पोट फुगायचं, श्वास पुन्हा वर चढायचा, आणि ते दुसरी बाटली घ्यायचे.

डॉक्टरांनी बजावलं, वजन उतरवा आणि हे गोड पाणी थांबवा, तुमचं पोट छातीला जागाच ठेवत नाही. अण्णा "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणाले आणि घरी येताच त्यांनी सोड्याची बाटली फोडून तोंडाला लावली.

एका पावसाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. दारापर्यंत चाललं तरी धाप लागायची. कारखाना वहिनींनी हाती घेतला. त्या स्वतः यंत्र फिरवायच्या, पाक करायच्या, आणि अण्णांना एक थेंब द्यायचा नाही, असं त्यांनी मला निक्षून सांगितलं होतं.

एका रविवारी दुपारी वहिनी येलहंक्याला माहेरी गेल्या होत्या. अण्णांनी मला हाक मारली.

"एकच आण. स्वल्प बरं वाटेल."

मी म्हटलं, वहिनींनी नको सांगितलंय.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "म्हणून तर तुला सांगतोय."

मी बाटली आणली आणि अंगठ्याने गोळी आत दाबली. उशीला टेकून, दोन्ही हातांत धरून ते सावकाश प्यायले. ढेकर आला. माझ्याकडे बघून ते हसले. कित्येक आठवड्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मी बाटली विसळून जागेवर ठेवून दिली.

दिवेलागणीला जोराची धाप लागली. वहिनी नुकत्याच परतल्या होत्या. आम्ही दोघींनी त्यांना टांग्यात घालून हॉस्पिटलात नेलं. तिथे इंजेक्शनं झाली, ऑक्सिजन झाला. तिसऱ्या दिवशी अण्णा गेले. त्या बाटलीने काही झालं का, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारायचं धाडसच झालं नाही.

पुढे सात-आठ वर्षं वहिनींनी कारखाना चालवला. मग हात दुखायला लागले, तेव्हा होसकोट्याच्या एका माणसाला यंत्र विकून टाकलं. रिकामी झालेली खोली आम्ही दोघी धूत होतो. त्यांची पाठ माझ्याकडे होती, म्हणूनच असेल, मी त्या रविवारचं सगळं सांगून टाकलं.

वहिनींनी हातातला झाडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "वन्सं, मीही देत होते. तुम्ही शाळेत गेलात की रोज एक. मला तरी कुठे बघवत होतं?"

मला हलकं वाटायला हवं होतं. पण राग आला. अण्णांचा विषय निघाला की मी उठून जायची, हे इतकी वर्षं त्या बघत होत्या आणि गप्प राहिल्या होत्या. मग वाटलं, मी तरी कधी बोलले? त्याही माझ्यासारख्याच एकट्या झुरत असतील, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

त्यांनी बादली माझ्याकडे सरकवली. सांडलेल्या पाकाचे डाग फरशीत मुरले होते. संध्याकाळपर्यंत आम्ही ते घासत राहिलो.