रेषेच्या पुढचा बर्फ

शुक्रवारी ऑफिसातल्यांनी निवृत्तीचा केक कापून मला निरोप दिला आणि आज सोमवारी, कुणाचाच डबा भरायचा नसताना, मी नेहमीच्या वेळेला उठून भाजीची सुरी दगडावर घासत बसले. तेलाचा आणि लोखंडाचा उग्र, ओलसर वास स्वयंपाकघरभर पसरला. बाहेर कॅनडातल्या वॉटर्लूचा हिवाळा पांढराफटक पडला होता. त्या वासासरशी शेजारच्या कॉन्डोतली पोलिश बाई आठवली. दगड तिचाच, बर्फावरच्या बुटांची लांब पाती ती त्यावर घासायची.

तिच्या गावी हिवाळ्यात फुटबॉलच्या मैदानात पाणी सोडून बर्फ करत. तिथून निघालेली ही पोर आपल्या देशासाठी वीसेक वर्षं स्केटिंगच्या शर्यतींत धावली. पदक एकही नाही; एकदा चौथी आली, तेवढंच. तिशी उलटल्यावर जो तो विचारू लागला, आता थांबणार कधी? या प्रश्नाची तिला भयंकर चीड होती. पुढे इकडे कॅनडात येऊन तिनं मुलांना शिकवलं, आणि सत्तरीच्या तोंडावर खुब्याचं ऑपरेशन झालं. वर्षभर बर्फावर पाय ठेवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

"ठीक. वर्षानंतर एक पूर्ण फेरी मारणार," तिनं मला ठणकावून सांगितलं, "कुणाचा हात न धरता."

मग रोज भिंतीपलीकडून आवाज यायचा. मोजे घालून ती गुळगुळीत फळीवर या टोकाकडून त्या टोकाला घसरायची. सर्र, टक्. सर्र, टक्. माझं लाटणंही नकळत त्याच लयीत चालायचं. बाई हट्टी खरी, पण मला तो हट्ट फार आवडायचा.

वर्ष सरलं. डॉक्टरांनी नाखुशीनंच होकार दिला. मी गाडीची किल्ली उचलली तसे आमचे हे म्हणाले, "अगं, पडली तर? ॲम्ब्युलन्स कॉल करत बसशील!"

"मी नाही नेलं तर ती बसनं जाईल," मी म्हटलं.

रिंकवर तिनं मला फेरी संपते त्या रेषेपाशी उभं केलं आणि निघाली. दूरच्या वळणावर ऑपरेशनचा पाय डगमगला. ती मात्र आणखी खाली वाकली, एक हात पाठीवर ठेवला, आणि सावकाश, कुणाचंही न ऐकणारी, माझ्याकडे येत राहिली. रेष ओलांडली! मी तिचा कोट पसरून "झालं! झालं!" म्हणून ओरडले. ती माझ्यासमोरून हसत तशीच पुढे निघून गेली.

परतल्यावर म्हणाली, "या पात्यांना ब्रेक नसतो. रेषेवर थांबायला गेलं की माणूस पडतं. वेग आपला आपण सरू द्यायचा."

पुढच्या वसंतात ती बहिणीकडे पोलंडला गेली. जाताना दगड माझ्या हाती दिला. तिथेही ती बर्फ शोधेल, याबद्दल मला शंका नाही. इथे सुरीला कधीच धार आली आहे. माझे हात अजून चालूच आहेत, आणि मी त्यांना थांबवलेलं नाही.