आत्याची खिडकी

वाटाड्या हे काही त्याचं खरं नाव नव्हतं, पण जुन्या वस्तीत सगळे त्याला त्याच नावाने हाक मारत आणि तोही मुकाट्याने ओ देई. परदेशातून आलेल्या पाहुण्यांना गाव हिंडवून आणणं हा त्याचा धंदा. टोपी घालून चौकात उभा राहायचा. गट जमला की आधी सूचना, मग प्रेक्षणीय स्थळं. सूचना तोंडपाठ होत्या. पाकीट पुढच्या खिशात ठेवा. पाणी बाटलीतलंच प्या, आणि झाकण तुमच्यासमोर उघडायला लावा. दुकानदाराने पहिली किंमत सांगितली की रागावू नका, हसा. रस्ता दोघांना विचारा. दोघांनी एकच सांगितला तर बिनधास्त निघा, पण ते दोघे भाऊ-भाऊ असतील तर तिसरा माणूस गाठा.

या सूचनांवर पाहुणे बेहद्द खूश असत. गावावर तेवढे नसत, कारण गावात बघण्याजोगा म्हणावा असा एक मनोराच काय तो होता.

त्या उन्हाळ्यात मनोऱ्याचा जिना दुरुस्तीला काढला आणि वाटाड्याला कुणी कळवायच्या भानगडीत पडलं नाही. गट घेऊन तो पोचला तर दाराला कुलूप आणि आत ठोकाठोक. पाहुणे घड्याळाकडे बघू लागले. चेहऱ्यावरचं हसू ढळू न देता त्याने सगळ्यांना मागच्या गल्लीत वळवलं. का, तर तिथे निदान सावली होती. आता गल्लीत दाखवायचं काय? सायकली, पाण्याच्या टाक्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत लसूण सोलत बसलेली त्याची आत्या.

"ती वरची खिडकी पाहा," तो म्हणाला. पुढचं वाक्य काय येणार हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. "त्या खिडकीत एका व्यापाऱ्याची बायको बसायची. नवरा समुद्रापार गेला होता. अकरा वर्षं तिने तिथेच बसून त्याची वाट पाहिली. म्हणून इथली माणसं प्रवासाला निघाली की आधी या खिडकीकडे बघतात. माणूस सुखरूप घरी पोचतो म्हणे."

घरापासून हजारो कोस लांब आलेल्या माणसांना याहून काय हवं? एका धिप्पाड गृहस्थाने टोपी काढून हातात घेतली. एका बाईने डोळे टिपले. ही मंडळी आपल्याकडे टकामका का बघताहेत हे बघायला आत्या वाकली, तशी मांडीवरची लसणाची सालं खाली आली. त्यातलं एक त्या बाईने उचलून पर्समध्ये जपून ठेवलं.

संध्याकाळी आत्याने त्याला बोलावून घेतलं.

"काय रे मेल्या, माझ्याकडे बोट दाखवून काय सांगत होतास त्या लोकांना?"

त्याने सांगितलं. आत्याने कपाळावर हात मारला.

"अकरा वर्षं? अरे, हा माणूस कोपऱ्यावर जातो आणि उंबरा ओलांडायच्या आत परत येतो. एकदा अकरा वर्षं गेला असता तर माझं घर तरी आवरून झालं असतं."

आतोबांना ऐकायला कमी येई. त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं आणि पडेल चेहऱ्याने विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं! वाचा तुम्ही!"

प्रकरण तिथेच मिटायचं. पण त्या गटातली सगळी माणसं खरोखरच सुखरूप घरी पोचली आणि त्यांनी ते चारचौघांना सांगितलं. पुढच्या मोसमात पाहुणे स्वतःच विचारू लागले, "ती खिडकी कुठे आहे?" त्यांच्या प्रवासाच्या पुस्तकांतही ती आली, अगदी उपयुक्त माहितीसकट : सकाळी जा, तेव्हा ऊन डोळ्यांवर येत नाही, गल्ली अरुंद आहे, मोठी बॅग आणू नका, बाईंना हात करू नका. इतर वाटाडेही आपापले गट तिथे आणू लागले. त्यातल्या एकाने तर बाईने शेवटी खाली उडी मारली असं ठोकून दिलं. हे कानावर आलं तेव्हा वाटाड्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"लोकांना वाट्टेल ते सांगतात!" तो बायकोला म्हणाला. "इतिहासाची काही चाड?"

बायको कणीक मळत राहिली.

आत्या सुरुवातीला चिडचिड करायची. मग एक दिवस वाटाड्याने वर बघितलं तर केस विंचरून, कानात नवीन कुड्या घालून ती ताठ बसलेली. "लसूण सोलत राहू, की लांब कुठेतरी बघत बसू?" असंही तिने त्याला एकदा हळूच विचारलं. तिचं सगळं बसवलेलं एका सकाळी आतोबांनी उधळून लावलं. गल्ली माणसांनी गच्च भरलेली, आत्या लांब बघतेय, आणि बनियनवर आतोबा ओला टॉवेल वाळत घालायला खिडकीत आले. मग कुणीतरी ओरडलं, "परत आला!" आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की आतोबांनाही तो ऐकू आला. ते टॉवेल हातात धरून दोन्ही हातांनी सगळ्यांना नमस्कार करत राहिले. आत जाऊन म्हणाले, "माणसं फार चांगली आहेत गं. मॅच कुणी जिंकली?"

एवढा गाजावाजा झाल्यावर पर्यटन खात्याला जाग आली. त्यांनी भिंतीवर संगमरवरी पाटी बसवली. पाटीवर सात वर्षं आली. अकरा का नाही, हे कुणाला विचारायची सोय नव्हती. मग ऐतिहासिक खिडकीचे नियम आले : कपडे वाळत घालायचे नाहीत, रंग बदलायचा नाही, लसूण सोलायचा नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी आत्याला अदबीने सांगितलं, "आजी, इथे बसत जाऊ नका. लोकांना खिडकी नीट दिसत नाही."

पाठोपाठ वाटाड्यांसाठी परीक्षा आली. पास झाला तर बिल्ला. बिल्ला नाही तर धंदा बंद. वाटाड्या निर्धास्त गेला. समोरच्या परीक्षक बाईंनी मनोऱ्याबद्दल विचारलं, त्याने धडाधड सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "प्रतीक्षेची खिडकी. किती वर्षं?"

"अकरा."

"सात."

"अकराच, मॅडम."

"खात्याच्या पुस्तिकेत सात आहे. पाटीवर सात आहे. तुम्ही अकरा कुठून आणलंत?"

वाटाड्याला खोटं बोलायची सवय होती ती गल्लीत, साहेबांच्या खोलीत नव्हती. "मॅडम, खरं सांगू का? ती गोष्ट मीच रचली. मनोरा बंद होता. ती बाई म्हणजे माझी आत्या."

परीक्षक बाईंनी चष्मा काढला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कीव होती. "असं सांगणारे तुम्ही तिसरे. जुन्या गोष्टींवर हक्क सांगायची माणसांना हौस असते. पण आपल्याच वारशाला खोटं म्हणणं शोभत नाही हो." आणि त्याला नापास केलं.

तो घरी येऊन टोपीसकट खाटेवर आडवा झाला. बायको शेजारी बसून म्हणाली, "अहो, सात म्हणायला काय जातं तुमचं?"

"माझी गोष्ट आहे ती."

"होती. आता लग्न करून दिलेल्या मुलीसारखं समजा. सासरी ती काय खाते, हे आपण नाही ठरवत."

दुसऱ्या खेपेला तो सात म्हणाला आणि पास झाला. बिल्ला छातीवर लागला, पण गोष्ट पुस्तिकेबरहुकूम सांगायचं बंधन आलं. पूर्वी समोर म्हातारी माणसं असली की तो व्यापाऱ्याला परत आणायचा, नवी जोडपी असली की नाही आणायचा. आता एकच मजकूर, एकच शेवट. सांगताना त्यालाच जांभई येई.

खात्याने आत्याची खोली ताब्यात घेतली आणि बदल्यात मागच्या बाजूला तळमजल्याची एक हवेशीर खोली दिली. आतोबांना जिना चढायचा त्रास वाचला, ते खूश. पण रिकामी खिडकी बघून पाहुणे हिरमुसत, म्हणून तिथे पगारी बाई बसवायची असं ठरलं. आत्याने अर्ज केला. वयाची अट तिशीची होती. अनुभवाच्या रकान्यात तिने काय लिहिलं होतं ते तिने कुणालाच सांगितलं नाही.

वाटाड्या भेटायला गेला तेव्हा ती मागच्या दारात मोडाची मटकी निवडत होती. समोर कुणाची तरी जुनी स्कूटर आणि एक कुंडी, बस्स.

"नवी पोरगी पाहिलीस?" तिने विचारलं. "कशी बसते रे?"

"ठीक बसते."

"ठीक? मी परवा पुढून चक्कर मारून आले. सारखी मोबाइलमध्ये डोकं. अशाने कुणाचा नवरा यायचाय परत?" तिने एक कडक दाणा वेचून फेकला. "आणि मान कुठे वळवायची तेसुद्धा माहीत नाही तिला. शिकवीन म्हटलं तर खालचा पहारेकरी वर सोडत नाही. पाहुण्यांनाच परवानगी आहे म्हणे."

"आत्या, मी माझ्या गटातून घेऊन जाऊ तुला?"

आत्याने मटकी बाजूला सारली. "टोपी लागेल का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात परदेशी पाहुण्यांच्या घोळक्यात, नातवाची टोपी डोक्यावर ठेवून, आत्या उभी होती. वाटाड्याने घसा साफ केला आणि पाकीट पुढच्या खिशात ठेवायला सांगितलं. सगळ्यांबरोबर तिनेही ठेवलं.