मोठ्या तोंडाची लेन्स

आमच्या भाऊजींचा हात थरथरतो हे केळझरच्या त्यांच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत आहे, हे मात्र भाऊजींना माहीत नव्हतं. म्हणून ताई त्यांना चहा अर्धा कपच द्यायची आणि डॉक्टर लोक चहा कमी प्या म्हणतात, असं वर ऐकवायची. भाऊजीही तब्येतीसाठी एवढं केलंच पाहिजे अशा चेहऱ्यानं तो अर्धा कप दोन घोटांत संपवायचे. वर्ध्याच्या एका डॉक्टरकडे ते गुपचूप जाऊनही आले होते. वयानं होतं, जिवाला धोका नाही, गोळीनं थोडं कमी होईल पण जाणार नाही, असं त्यानं सांगितलं. दवाखान्यात नंबर लावणारी पोरगी ताईच्या जावेच्या माहेरची निघाली, त्यामुळे भाऊजी बसमधून उतरायच्या आधीच बातमी घरी पोचली होती.

मी ज्ञानेश्वर, ज्योत्स्नाताईचा धाकटा भाऊ. सिंदी रेल्वेला माझं खिळे, बिजागऱ्या, कुलपांचं दुकान आहे. भाऊजींची थट्टा करणं हा साळ्याचा हक्क असतो, आणि लग्नात त्यांचा कान पिळला तेव्हापासून मी तो बजावत आलो आहे. पण हाताच्या बाबतीत मी कधी थट्टा केली नाही. तेवढी अक्कल मला आहे.

कारण हात हीच मनोहररावांची सगळी इस्टेट होती. भूमी अभिलेखात मोजणीच्या कामावर त्यांची अख्खी नोकरी झाली. जिथं शेताच्या एका धुऱ्यावरून, बांधावरून, दोन भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नसत तिथं हे साखळी आणि मोजणीचं तीन पायांचं टेबल घेऊन उभे राहायचे. मग घरी येऊन नकाशा शाईनं काढायचे, निबच्या टोकानं, श्वास धरून. पुढं मशिनी आल्या, नकाशे कॉम्प्युटरवर निघू लागले, तरी जुने लोक मनोहररावांच्या रेघेचं नाव काढत. त्यांच्या रेघेला पट्टी लावली तर पट्टीच वाकडी निघते, असं ऑफिसात म्हणायचे म्हणे. हे वाक्य मी आजवर फक्त भाऊजींच्याच तोंडून ऐकलं आहे, पण ते नकाशे पाहिले आहेत, म्हणून वाद घालत नाही.

रिटायर झाल्यावर त्यांच्या मुलीनं, गुंजननं, पुण्याहून कॅमेरा पाठवला. बाबा घरात बसून आईच्या कामात चुका काढतात, म्हणून ही सोय. आधी अंगणातल्या चिमण्या झाल्या, बुलबुल झाले, शेजाऱ्याचा कोंबडाही झाला. मग टेकडीच्या अंगाला नाल्यावर जो जुना बंधारा आहे, तिथं त्यांना हुमा घुबड दिसलं आणि भाऊजी दुसऱ्या कशाचे राहिले नाहीत.

हे घुबड चांगलं मोठं असतं. पिवळे डोळे, कानांवर पिसांचे तुरे, पाण्यातले मासे-खेकडे खाणारं. दिवसभर अर्जुनाच्या झाडात दडून बसतं आणि दिवेलागणीला बंधाऱ्याच्या दगडावर उतरतं. भाऊजींना त्याचे डोळे-बिळे काही नको होते. त्यांना हवी होती त्याची छाती. तिच्यावर काळ्या उभ्या रेघा असतात, बारीक निबनं ओढल्यासारख्या. त्या सगळ्या रेघा फोटोत सुट्या सुट्या दिसल्या पाहिजेत, एवढाच त्यांचा हट्ट. ताईचा हट्ट एवढाच की घुबडाचा फोटो देवाच्या भिंतीवर लागणार नाही. ते लक्ष्मीचं वाहन आहे, असं भाऊजींनी सांगून पाहिलं, तर लक्ष्मीला येऊ द्या, वाहन बाहेर ठेवा, असं उत्तर मिळालं.

पण भिंतीची वेळच येत नव्हती. फोटोत घुबडाच्या जागी सांडलेल्या शाईसारखं काहीतरी यायचं. भाऊजी ते मला दाखवायचे आणि म्हणायचे, उजेड कमी होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग, पुन्हा उजेड कमी. दिवेलागणीला उजेड कमी असणारच, त्यात खोटं काही नव्हतं. पण दुपारी काढलेला कोंबडाही हललेला होता आणि त्या दिवशी ऊन कडक होतं, हे मी बोललो नाही.

मग लेन्सचा अभ्यास सुरू झाला. नोकरीत असताना त्यांनी खात्याच्या परीक्षेसाठीही एवढा केला नव्हता. जेवताना मोबाइलवर व्हिडिओ, गाईला चारा टाकताना व्हिडिओ. दुकानात आले की माझ्या गिऱ्हाइकांनाही शिकवायचे. कडी-कोयंडा घ्यायला आलेला माणूस झूम आणि प्राइम लेन्समधला फरक समजून घेऊन जायचा आणि कोयंडा विसरायचा. भाऊजींचं म्हणणं थोडक्यात असं, की जवळ असलेली झूम लेन्स लांबचं जवळ आणते खरं, पण तिचं तोंड लहान. उजेड आत जात नाही, मग कॅमेऱ्याचं झाकण जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं आणि तेवढ्यात पक्षी हलतो. प्रकाश वाढवायचं बटण दाबलं तर फोटोत दाणे पडतात. उपाय एकच. मोठ्या तोंडाची लेन्स. ती भराभर उजेड पिते, झाकण पापणी लवायच्या आत मिटतं, मग हलण्याचं कामच नाही.

हे सगळं बरोबर होतं. फक्त ते पक्षी हलतो म्हणत होते, आणि हुमा घुबड शिकारीच्या आधी दगडावर दगडासारखं बसतं. त्यांना कुणाचं हलणं झाकायचं आहे ते मला कळत होतं. लेन्स नीट निवडली तर आपला हात पुन्हा पहिल्यासारखा होईल, निदान फोटोत तरी, अशी त्यांची आशा होती.

शेवटी आम्ही नागपूरला एका दुकानात गेलो. दुकानातल्या पोरानं तीन लेन्स काउंटरवर मांडल्या. पहिली लांबलचक झूम, भाऊजींच्या जुन्या लेन्सचीच थोरली बहीण. दुसरी हलकी आणि सुबक, पण तोंड मधलंच. तिसरी आमच्या ताईच्या पिठाच्या डब्याएवढी. भाऊजींनी पहिल्या दोघींकडे नीट पाहिलंही नाही. लग्नाला उभी तिसरीच होती.

त्यांनी ती उचलली, डोळ्याला लावली, आणि लेन्सचं तोंड हळूहळू खाली जाऊन काउंटर पाहू लागलं. पट्टा बरोबर नाही, म्हणाले. पुन्हा उचलली. या वेळी ती नुसती खाली गेली नाही, थरथरतही गेली. मोठं तोंड म्हणजे मोठी काच आणि मोठी काच म्हणजे वजन, हे व्हिडिओतल्या माणसानं सांगितलं असणार, पण भाऊजींनी ते ऐकायचं टाळलं होतं. लेन्सच्या आत हललेलं सावरून घेणारी सोय असते, असं पोरगा म्हणाला, तेव्हा ते खुलले. हालचाल किती मोठी सावरते, असं त्यांनी त्याला फिरवून फिरवून विचारलं. पोरगा म्हणाला, बारीकसारीक सावरते काका, पण एवढ्या जड लेन्सला ट्रायपॉड घ्याच.

"टेबलाले पाय लागतात, मले नाई," भाऊजी म्हणाले.

तिथं तो विषय संपला. तिवईवर त्यांनी जन्मभर टेबल ठेवलं, पण स्वतः तिवईला टेकणं म्हणजे काठी धरणं, असं त्यांचं गणित. पोरगा हुशार होता, त्यानं विकण्याऐवजी ती मोठी लेन्स दोन-चार दिवस भाड्यानं न्या म्हटलं, आधी वापरून पाहा. किमतीबद्दल ताईनं घरी एकदाच विचारलं आणि पुन्हा विचारलं नाही.

रात्रीतून ताईनं आपलं डोकं चालवलं. जुनी सतरंजी कापून तिनं उशीसारखी एक लांबट पिशवी शिवली आणि गाईसाठी आणून ठेवलेली सरकी तिच्यात ठासून भरली. भाऊजींना म्हणाली, लेन्स भाड्याची आहे, बंधाऱ्याच्या दगडावर घासली तर दंड बसेल, ही खाली ठेवा. हाताचं नाव नाही, टेकण्याचं नाव नाही. लेन्सची काळजी म्हटल्यावर भाऊजींनी पिशवी आनंदानं घेतली. मी मनात ताईला हात जोडले. नवऱ्याला न दुखवता त्याला टेकू देणं सगळ्यांना जमत नाही.

होळीच्या आसपासचे दिवस होते, नाल्यात पाणी थोडं उरलं होतं. उन्हं कलल्यावर आम्ही बंधाऱ्याच्या अलीकडच्या काठावर जाऊन बसलो. मी सारथी आणि हमाल दोन्ही होतो, कारण लेन्स जड आहे हे कारण सांगून भाऊजींनी मोटारसायकल चालवणंही सोडलं होतं. दगडावर पिशवी, पिशवीत खोबण करून लेन्स, मागं भाऊजी पालथे पडलेले. लेन्स हलत नव्हती. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लहान पोरासारखे हसले.

घुबड उतरलं. समोरच्या दगडावर बसलं, छाती आमच्याकडे. भाऊजींनी श्वास धरला, नकाशा काढताना धरायचे तसा.

आणि मागून गावातल्या तानबाची म्हैस आली.

आम्ही बसलो होतो ती जागा म्हणजे गुरं घरी परतायची पांदण. ती पांदण भाऊजींनीच सरकारी नोकरीत मोजली होती, पण कोणत्या वेळी तिच्यावरून कोण जातं हे नकाशात लिहिलेलं नसतं. म्हशीला सरकीचा वास आला. तिनं आम्हा दोघांना ओलांडून तोंड घातलं, पिशवीचा कोपरा धरला आणि ओढला. भाऊजींनी लेन्स छातीशी कवटाळली, मी पिशवीचं दुसरं टोक धरलं. सतरंजी जुनी, ती फाटली. सरकी गवतात सांडली आणि म्हैस शांतपणे खाऊ लागली. घुबड केव्हाच उडालं होतं. तानबा मागून काठी घेऊन आला, साहेब, सरकी कोणी रानात आणते का, एवढं विचारून आणि म्हशीला अर्धं जेवण सोडायला लावून निघून गेला.

मला हसू आवरत नव्हतं. पण भाऊजी हसले नाहीत. ते उठून बसले होते आणि मांडीवरच्या लेन्सकडे पाहत होते. उजेड आता फारच थोडा राहिला होता. घुबड पलीकडच्या अर्जुनावर बसलेलं दिसत होतं, म्हणजे परत उतरण्याची आशा होती. पण ते उतरलं तर लेन्स ठेवायची कशावर? नुसता दगड बुटका होता, वाकडा होता. त्यांनी लेन्स उचलून डोळ्याला लावली. ती थरथरली. खाली घेतली, पुन्हा लावली.

"ज्ञानेश्वर, इकडं समोर येऊन बस," ते म्हणाले. "तुह्या खांद्यावर ठेवतो. माहा हात हालते."

मी पुढं जाऊन पाठ करून बसलो. लेन्स खांद्यावर आली. डबा खरंच जड होता.

"लय दिवसांचा हालून राह्यला," ते मागून म्हणाले.

"मले मालूम आहे, भाऊजी."

"कवापासून?"

"तुमी वर्ध्याहून घरी येवाच्या आधीपासून."

"अन् ज्योत्स्नाले?"

"तिनंच तं सांगतलं मले."

"मंग मले चहा अर्धा काऊन देते ते?"

"तुमच्या हातून सांडू नये म्हनून."

मागून भाऊजींनी लेन्स माझ्या खांद्यावर नीट बसवली. माझ्या कानाभोवती डास जमले होते, मानेवर एक बसून पोटभर जेवत होता. मला हात हलवायची सोय नव्हती, श्वासही अर्धाच घ्यायचा होता. माझं पोट हे नेहमी ताईच्या चेष्टेचा विषय असतं, पण त्या दिवशी त्या वजनानं मी जमिनीला घट्ट बसलो होतो. मग घुबड परत उतरलं. कानाशी कॅमेरा खटखट वाजला, थांबला, पुन्हा वाजला. लेन्स नुसती उजेड पीत होती. माझ्या डोळ्यांना समोर दगड कोणता आणि घुबड कोणतं तेही कळत नव्हतं.

भाऊजींनी पडद्यावर फोटो मोठा करून मला दाखवला. छातीवरच्या रेघा दिसत होत्या. सगळ्या, सुट्या सुट्या, वरून खाली आलेल्या. त्यांनी एका रेघेवर बोट ठेवलं, बोट थरथरत होतं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"हेच लेन्स घ्याची," ते म्हणाले.

मी म्हटलं, मग ट्रायपॉडही घ्या सोबत. तर म्हणाले, तिवई आहे आपल्याजवळ, सिंदीले राह्यते, जेवू घातलं की येते.

घरी आलो तेव्हा ताईनं लगेच चहा टाकला. पिशवीचं काय झालं ते मी सांगितलं, ती पदर तोंडाला लावून हसली आणि उद्या गाईला काय घालू, असंही म्हणाली. मग दोन कप घेऊन आली. माझा भरलेला, भाऊजींचा अर्धा.

भाऊजींनी कप तिच्याकडे सरकवला. "भर," म्हणाले.

"अहो, डॉक्टर म्हणतात..."

"डॉक्टरनं चहाचं काईच नाई सांगतलं. हात हालते एवढंच सांगतलं."

ताईनं माझ्याकडे पाहिलं, मी माझ्या कपात पाहिलं. तिनं भांडं उचललं आणि कप काठोकाठ भरला. भाऊजींनी तो बशीसकट दोन्ही हातांनी धरला. कप आणि बशी एकमेकांवर वाजत राहिली, थोडा चहा बशीत गेला, थोडा सदऱ्यावर. ते न थांबता पीत होते. ताई हातात फडकं घेऊन उभी होती, पण पुढं झाली नाही. कप संपल्यावर त्यांनी बशीतला चहाही पिऊन टाकला आणि साखर कमी झाली म्हणाले.

ताईनं फडकं खुंटीला लावलं आणि साखरेचा डबा आणायला आत गेली.